मुका मार

—नाही हो, कपडे बदलू नका, तो गाऊन राहू दे खुंटीवरच. आज फोटो काढायचाच नाहीये. फोनवर मी म्हटलं ना, की खांद्याचा एक्स-रे पुन्हा लागतोय, नोंदीसाठी — ते आपलं म्हणायचं म्हणून म्हटलं. खरं सांगितलं असतं तर आला असतात तुम्ही? नसतात आला. बसा. टेबलावर नको, गार लागतं ते, स्टुलावर बसा. आणि दाराची काळजी करू नका, बाहेरचा लाल दिवा लावून ठेवलाय मी. तो दिवा लागला की आत यायची कुणाची छाती नाही, हाडांचे मोठे साहेबसुद्धा थांबतात. एकतीस वर्षांत या हॉस्पिटलात मी कमावलेली सत्ता म्हणजे काय, तर हा लाल दिवा.

मला ओळखलं नाहीत ना? नाहीच ओळखणार. एक्स-रे काढणारीचं तोंड कोण बघतं, लोक त्या यंत्राकडे बघत असतात घाबरून. पण तुम्ही मला पक्क्या आठवता. त्या पार्लरवाल्या — खाली औषधांचं दुकान, बाजूनं लोखंडी जिना, वर तुमचं पार्लर. मी काही कधी आले नाही, आमच्याकडे आरशासमोर उभं राहून घरच्याच कात्रीनं काम भागवतात. चौदा वर्षं झाली. ओल्या हातानं केस वाळवायचा ड्रायर धरलात, विजेचा झटका बसला, सगळं अंग ताठ झालं आणि आडव्या झालात. उठलात तेव्हा उजवा हात पोटाशी गच्च चिकटलेला. असा. आताही तसाच आहे की जवळजवळ! — थोडा सुटलाय? ऑपरेशननंतर? छातीपर्यंत जातो? बरं. छातीपर्यंत म्हणजे वेणी काही होत नसेल. आणि कुणाचे केस कापायचे तर दोन्ही हात वर लागतात, नाही का. मग पार्लर? — विकलं. हं. जिन्यावरची पाटी बदललेली दिसली मला, तेव्हाच म्हटलं. आणि यजमान? ते तेव्हा आले होते बघा तुमच्याबरोबर, उंच, सारखं घड्याळ बघत होते — वेगळे राहतात? अच्छा. नाही, मी आपलं सहज विचारलं. घड्याळ बघणारी माणसं अशीच असतात.

आता मुद्द्यावर येते. हे बघा, फोटो बघायची ही दिव्याची पेटी पेटवते. जुनी आहे, आता सगळं पडद्यावर दिसतं, पण मला अजून हीच बरी वाटते. हा तुमचा त्या दिवशीचा फोटो, समोरून काढलेला. तळघरात जुन्या फायली आहेत तिथून काढलाय, कसा ते विचारू नका. बघा. घाबरताय काय, तुमचंच हाड आहे. हा दंडाचा वरचा गोळा, ही त्याची बशी. चेंडू आणि बशी, इतकं सोपं. सगळं जागच्या जागी वाटतं ना? वाटणारच. समोरून बघितलं तर काहीच बिघडलेलं दिसत नाही, मोठमोठे फसतात इथे. पण नीट बघा, गोळा कसा दिसतो? अगदी गोल, दोन्ही अंगांनी सारखा, दिव्याच्या बल्बसारखा. चांगल्या खांद्याचा असा दिसत नाही, त्याला एका बाजूला फुगवटा असतो. बल्ब दिसला की समजायचं हात आतल्या आत वळून अडकलाय. आणि ही फट बघा, गोळा आणि बशीमधली, जरा जास्तच आहे की नाही? माणसाला झटका बसलाय, आकडी आलीय, हात पोटापासून सुटत नाही, आणि फोटोत बल्ब — तर गोळा बशीतून निसटून मागे गेलेला असतो. पुढे निसटला तर आंधळ्यालाही दिसतो. मागे निसटला तर लपतो. म्हणून दुसरा फोटो काढावा लागतो, काखेतून. हात जरासा बाहेर घेऊन खालून वर. मग लपायला जागाच राहत नाही त्याला. हे मला कुणी शिकवलं नाही हां. साहेबांची जुनी पुस्तकं रद्दीत निघाली होती, त्यातलं एक मी घरी नेलं, आणि रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत एकेक चित्र बघायचे. दोन वर्षं.

आणि साहेबांनी काय केलं? तुम्ही बाहेर बाकावर होतात, तुम्हाला काय दिसणार. मी होते ना तिथे. साहेबांनी फोटो पेटीवर लावलासुद्धा नाही. एका हातात चहा, दुसऱ्या हातानं फोटो खिडकीकडे धरला — ती त्यांची ऐटच होती, म्हणायचे माझा चहा गार व्हायच्या आत दहा खांदे होतात — आणि म्हणाले, "हाड शाबूत. मुका मार. हात गळ्यात बांधा, तीन आठवडे." झालं. तुमच्या हाताचा निकाल एवढ्या वेळात लागला. तीन आठवडे! अहो, त्या तीन आठवड्यांतच तर सगळं होतं. तेवढ्यात कळलं असतं तर भूल द्यायची, हात धरायचा, ओढून हळूच फिरवायचा — टक् — बसला. दहा मिनिटं. मी डोळ्यांनी पाहिलंय दुसऱ्यांचं. तुमचा सात महिने तसाच राहिला, बशीची कड गोळ्यात रुतून रुतून खड्डा पडला, मग त्या दुसऱ्या हॉस्पिटलात कळलं, मग ऑपरेशन करून उपयोग काय, भाकड गायीला ओला चारा. साहेबांनी तुमचा हात खाल्ला ताई. स्पष्ट बोलते. खाल्ला आणि ढेकरही दिला नाही.

म्हणून हा अर्ज. मी टाइप करून आणलाय, तुम्हाला कशाला त्रास. वाचा सावकाश. सगळं आहे त्यात, तारीख, वेळ, काय म्हणाले ते. खाली सही करायची बस. डाव्या हातानं करता ना? चालते, डाव्या हाताची सहीही चालते. — आत्ताच का? कारण पुढच्या महिन्यात साहेब निवृत्त होतायत आणि नव्या इमारतीला त्यांचं नाव देतायत. काळ्या दगडात सोनेरी अक्षरं. पाटी आलीसुद्धा, वऱ्हांड्यात गोणपाटात गुंडाळून ठेवलीय, मी कोपरा उचलून बघितली. आणि त्यानंतर दोन महिन्यांनी मी निवृत्त होणार. मला काय मिळणार, माहितीये? माझ्या गोपनीय अहवालात दर वर्षी साहेबांच्या अक्षरात एकच ओळ: "निर्णयक्षमता नाही." चौदा वर्षं, एकच ओळ. माझ्या हाताखाली शिकलेल्या दोन पोरी माझ्या डोक्यावर बसल्या त्या ओळीपायी. मी! मला निर्णयक्षमता नाही!

काय? — हो, बरोबर विचारलंत, हुशार आहात. साहेब म्हणतील, त्या फोटोत दिसतच नव्हतं, समोरून कुणालाच दिसत नाही, माझा काय दोष. म्हणणारच. चार डॉक्टर त्यांच्या बाजूनं उभे राहतील, कावळ्यांची सभा भरेल नुसती. त्याचा बंदोबस्त आहे माझ्याकडे. म्हणून तर तुम्हाला बोलावलं, नाहीतर नुसत्या अर्जाचं काय, सुरळी करून टाकतात. हे बघा. थांबा, हळूच काढते, कडा मऊ झाल्यात. आमच्या कपाटामागे होता, उभा, दोन पुठ्ठ्यांच्या मधे. आमच्या ह्यांनी एकदा विचारलं हे काय, म्हटलं सासूबाईंच्या खांद्याचा. त्या बिचाऱ्या तेव्हा नुकत्याच न्हाणीत पडल्या होत्या, पटलं त्यांना.

हा. बघा. दिसतं की नाही? आता मी समजावायचीसुद्धा गरज नाही. ही बशी, आणि हा गोळा — बशीत नाही, मागे. कडेवर अडकलाय, दगडात कुऱ्हाड रुतावी तसा. काखेतून काढलेला फोटो. आणि काय फोटो आहे! धूसर नाही, हललेला नाही, कड न् कड दिसते. झटका बसलेल्या माणसाचा असा फोटो काढणं म्हणजे चेष्टा नाही, हात बाहेर येतच नसतो. तुम्ही तर केवढ्यानं ओरडलात — आठवतं? मी तुमचं कोपर धरलं आणि एवढंसं, चार बोटंच बाहेर घेतलं, आणि तुम्ही असा टाहो फोडलात की बाहेरचा माणूस दार वाजवायला लागला. मी म्हटलं, एकदाच ताई, एकदाच, याचा उपयोग होणार आहे. आणि तुम्ही दात दाबून धरलात. म्हणून हा इतका स्वच्छ आलाय. अर्धं श्रेय तुमचं.

—हो, त्याच दिवशीचा. तारीख आहे ना कोपऱ्यात. वेळही आहे, बारा पन्नास.

काय?

—हो, साहेबांनी समोरचा बघितला तेव्हा हा निघालेला होता. म्हणजे ओला होता. तेव्हा अजून अंधारखोली होती आमच्याकडे, टाक्यांतून धुऊन चिमट्याला टांगायचो, त्याला वाळायला वेळ लागतो. ओला फोटो साहेबांपुढे नेता येत नाही, थेंब पडतात टेबलावर, ओरडतात. — नाही, ओला असला तरी दिसतं सगळं. मला दिसलं होतं. लाल उजेडातच दिसलं, आणि खरं सांगू, मला इतका आनंद झाला! पुस्तकातलं चित्र जसंच्या तसं माझ्या हातात. साहेबांनी सांगितलेलाही नव्हता तो फोटो, मी माझ्या मनानं काढला होता.

मग दाखवला का नाही — अहो, तेच सांगतेय ना, ऐकून तर घ्या. त्याच्या महिनाभर आधीची गोष्ट. एका म्हाताऱ्याच्या खांद्याचा फोटो होता, साहेबांभोवती आठ-दहा शिकाऊ डॉक्टर उभे. मी आपलं चांगुलपणानं म्हटलं, साहेब, याचा काखेतून एक काढू का, मला शंका वाटते. साहेब माझ्याकडे वळले, हात जोडले त्यांनी — खरंच जोडले — आणि म्हणाले, "या प्रोफेसरबाई, बसा माझ्या खुर्चीत. मी बटण दाबायला जातो." सगळे हसले. ती शिपाईण हसली, जिच्या बाळंतपणात मी डबे पोचवले होते. दुसऱ्या दिवसापासून माझं नाव प्रोफेसर. चहावालासुद्धा, "प्रोफेसर, साखर कमी का जास्त?" माझी मुलगी तेव्हा सातवीत, एकदा इथे आली तर कुणीतरी तिला म्हणालं, ही बघा प्रोफेसरची पोरगी. ती घरी येऊन किती खूश — आई, तू प्रोफेसर आहेस? काय सांगणार तिला? सांगा ना, काय सांगणार होते मी?

आणि मग तुम्ही आलात. तुमचा समोरचा फोटो मी साहेबांच्या हातात दिला, ते म्हणाले मुका मार, आणि मी तिथे उभी. जिभेवर होतं माझ्या. देवाशप्पथ होतं. मी अर्धं पाऊल पुढे टाकलं, आणि साहेबांनी माझ्याकडे न बघता, चहा ढवळत विचारलं, "काय प्रोफेसर? आपलं काय मत?" पुन्हा हसले सगळे. आणि मी म्हटलं, "नाही साहेब. माझं मत काही नाही." इतकंच. तुमच्याशी माझं काही वाकडं नव्हतं हो. तुम्ही त्यात नव्हताच मुळी. माझं आणि साहेबांचं होतं ते.

माझा हिशेब सरळ होता. म्हटलं, ही बाई आठ दिवसांत बोंबलत येईल परत. असा खांदा घेऊन कोण गप्प बसतं? येईल, तमाशा करेल, चार लोक जमतील, आणि त्या चार लोकांत मी हा फोटो काढीन आणि पेटीवर लावीन. साहेब, आपलं काय मत? — मी पाठ केलं होतं वाक्य. आठ दिवसांत, म्हणजे तुमचा हातही वाचला असता आणि माझंही काम झालं असतं. पण तुम्ही आलाच नाहीत! इतकं सोशिक असतं का कुणी? तीन आठवडे हात गळ्यात बांधून घरात बसलात! एवढं दुखत होतं तर ओरडायचं होतंत, त्या टेबलावर ओरडलात तसं. माणसानं आपल्या जिवासाठी एवढंही करू नये? तुम्ही ओरडला असतात तर ही वेळच आली नसती. थोडी चूक तुमचीही आहे, रागावू नका, पण आहे.

आणि मग आलात ते कुठे, तर मालिशवाल्या डॉक्टरांकडे, व्यायामाला. माझ्या या खिडकीसमोरूनच रस्ता. दर मंगळवारी आणि शुक्रवारी. मी बघायचे. बरोबर तुमची लेक असायची, सहा-सात वर्षांची — एक वेणी वर, एक खाली, एका हातानं घातलेल्या. मला कळायचं. आत तो पोरगेला डॉक्टर तुमचा हात ओढायचा, खांदा सैल कर म्हणायचा, भिंतीवर बोटं चढवायला लावायचा, आणि मला इथे आवाज यायचा तुमचा. मी दार लावून घ्यायचे. कारण आता दाखवायचा तर पहिला प्रश्न काय आला असता? इतके दिवस कुठे होता हा फोटो? महिना झाला, मग दोन झाले, मग जास्तच अवघड होत गेलं ते. माझी नोकरी गेली असती ताई. नवऱ्याचा कारखाना तेव्हा बंद पडलेला, सासू अंथरुणात, पोरगी शाळेत. तुम्ही माझ्या जागी असतात तर काय केलं असतंत? तुम्हीही तेच केलं असतंत. कुणीही केलं असतं. एकदा तर मी निघालेही होते, फोटो पिशवीत घालून, वऱ्हांड्यापर्यंत — तुम्ही पाणी पीत होतात, डाव्या हातात पेला — मी तुमच्याजवळ येऊन उभी राहिले, आणि तुम्ही माझ्याकडे बघून हसलात. म्हणालात, "त्या दिवशी तुम्ही फार मायेनं धरला होतात हो हात." आता असं म्हटल्यावर माणूस काय बोलणार? मी म्हटलं, लवकर बऱ्या व्हा. आणि गेले.

असं काय बघताय? रडताय का? रडा, रडून घ्या, पण सही करा. भूतकाळ उकरून काय मिळणार, हात काही परत येत नाही, तुमचा यायचा होता तेव्हा आला नाही. पण तो माणूस दगडात सोनेरी होऊन बसणार, हे चालेल तुम्हाला? आपण दोघींनी मिळून — हो, आपण दोघी, आपल्या दोघींचंही वाटोळं त्यानंच केलंय. तुमचा खांदा गेला, माझी उमेद गेली. फरक काय?

हां, घ्या, पेन घ्या. शाबास. खाली, त्या रेघेवर. सावकाश करा, डाव्या हाताला वेळ लागतो, मला घाई नाही — तिथे नाही. ताई, तिथे नाही, तो वरचा मजकूर आहे, तिथे साहेबांचं नाव आहे. सही खाली. — त्याच्यापुढे काय लिहिताय? "आणि"? आणि काय? आणखी काही घालायचं असेल तर मला सांगा, मी पुन्हा टाइप करून आणते, असं हातानं खरडलेलं बरं दिसत नाही. आणा इकडे. आणा म्हणते ना. — "एक्स-रे काढणारी..." हे काय? हे कशाला? अहो, माझं काय त्यात, मी साक्षीदार आहे! मी नसते तर तुम्हाला आयुष्यात कळलं नसतं, मेलात तरी कळलं नसतं, मी आपण होऊन बोलावलं तुम्हाला, आपल्या तोंडानं सांगितलं, आणि हे माझे पांग फेडताय? माझे तीन महिने राहिलेत. तीन महिने! पेन्शन आहे माझी. तो फोटो ठेवा खाली. पिशवीत घालू नका, माझा आहे तो. — तुमचं हाड असेल, फोटो माझा आहे, मी काढलाय! तेव्हाही तुम्हाला कुणी विचारत नव्हतं आणि आताही कुणी विचारणार नाही, लुळ्या हाताच्या बाईचं कोण ऐकतं, घड्याळवाल्यानं तरी ऐकलं का? सोडा. सोडा म्हणते, फाटेल. माझ्याशी ओढाताण करू नका, तुम्हाला एकच हात आहे.

ताई.

ताई, अहो, दिवा लागलाय बाहेर, दार उघडू नका—

...हं? नाही, काही नाही झालं. पेशंट होत्या, गेल्या. काय आहे तुमचं? गुडघा? मग आत या ना, उभे काय राहिलात असे, दार लावा. त्या टेबलावर आडवे व्हा, आणि अजिबात बोलू नका.